ईम गावची खबरबात: भिजत घातलेल्या फळ्या, निळी पाकळी आणि प्लेग संडे

रानजाई (धागाकर्ती)

खफवर (खरडफळ्यावर, म्हणजे इथल्या गप्पांच्या पानावर) विहिरी सजवण्याबद्दल दोन ओळी टाकल्या तर तिघांनी 'नीट धागा काढ' म्हणून दम दिला. घ्या.

गाव ईम. डार्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांत, शेफील्डहून गाडीने अर्धा-पाऊण तास. वस्ती हजाराच्या आसपास. ऑगस्टच्या अखेरीस इथे वेक्स वीक असतो, म्हणजे गावच्या जत्रेचा आठवडा. विहिरींची सजावट, कार्निव्हल, अख्खा मेंढा भाजणं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे (1665-66 च्या प्लेगच्या आठवणीचा दिवस), हे सगळं त्याच सुमारास.

सजावट म्हणजे विहिरीला माळा घालत नाहीत. पाण्याच्या जागेमागे दाराएवढं किंवा त्याहून मोठं चित्र उभं करतात, आणि ते पूर्ण पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ यांचं असतं. त्यासाठी लाकडी फळ्या असतात, त्यांत शेकडो खिळे अर्धवट ठोकलेले. आधी या फळ्या काही दिवस पाण्यात भिजत घालायच्या. कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं आणि चित्राला मधोमध भेग पडते. माती मीठ घालून पायांनी तुडवायची. मिठाने ओल टिकते. मग इंचभर जाडीचा थर खिळ्यांवर लिंपून गुळगुळीत करायचा, त्यावर चित्राचा कागद पसरायचा आणि टाचणीने टोचत रेघा उतरवायच्या. कागद उचलला की मातीवर नुसते ठिपके उरतात. त्या ठिपक्यांवर कॉफीचे दाणे, काळ्या बिया किंवा अल्डरच्या झाडाची बारकी बोंडं एकेक करून दाबायची, की बाहेरची रेघ तयार.

पाकळ्या सगळ्यात शेवटी, आणि खालून वर. घरावर कौलं चढवतात तशी प्रत्येक वरची पाकळी खालचीवर थोडी चढलेली हवी, म्हणजे पाऊस आला तर पाणी ओघळून जातं. आणि पाऊस येतोच. आमच्या गटात एक आजी आहेत, त्या बोलत नाहीत. मागून येऊन नुसतं बोट ठेवतात. जिथे बोट, तिथलं काढून पुन्हा लावायचं.

निळा रंग हा दरवर्षीचा प्रश्न. निळी फुलं मुळात कमी, भरवशाचं एकच, हायड्रेंजिया. ते निळं यायला आम्ल माती लागते, आणि गावाच्या दक्षिणेला सगळा चुनखडीचा दगड, तिकडे ते गुलाबी येतं. उत्तरेला चढावर खडक बदलतो. त्यामुळे वरच्या आळीत ज्यांच्या अंगणात निळं हायड्रेंजिया आहे त्यांची जुलैपासूनच लोक जरा जास्त प्रेमाने विचारपूस करायला लागतात.

पाहुणे येतात ते चित्र उभं राहिल्यावर. फोटो काढतात, आइस्क्रीम खातात, जातात. येऊ देत, डब्यात पैसे टाकतात, ते चांगल्या कामाला जातात. पण माझं मत विचाराल तर सण असतो तो त्याआधीच्या रात्रींत, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, वाकून वाकून पाठ मोडलेली असताना. या देशात शेजारी 'या ना घरी' असं सहजासहजी म्हणत नाहीत. फळ्यांच्या कामाला मात्र आमंत्रण लागत नाही. नोटीस बोर्डावर चिठ्ठी असते, 'हात हवेत'. गावातली निम्मी माणसं मला तिथेच भेटली, आणि निम्म्या बातम्याही तिथेच कळतात.

तुमच्या आसपासच्या गावांत काय चालतं तेही लिहा.

वाचनवेडी

मस्त धागा ताई! फोटो???

रानजाई

फोटो टाकते गं, आधी हात धुऊ दे.

प्रश्नचिन्ह

लेख छान, पण एक शंका. हे सगळं खरंच जुनं आहे, की पर्यटक यावेत म्हणून शंभर-दीडशे वर्षांत कुणीतरी बसवलेलं? इंग्रजांना 'प्राचीन परंपरा' हा शब्द फार आवडतो. व्हिक्टोरियन काळात यांनी अर्ध्या परंपरा नव्याने शिवून घेतल्या आहेत.

शेफील्डचा_शेखर

प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे, पण उत्तर गावागणिक वेगळं.

टिसिंग्टनला जाऊन या. लिंबाच्या, म्हणजे लाइम ट्रीच्या (आपलं लिंबू नव्हे), रांगेतून आत शिरणारं चिमुकलं गाव. सहा विहिरी, त्यांतल्या एकीचं नाव चक्क कॉफिन वेल. तिथे सजावट असेन्शन डेला, म्हणजे ईस्टरपासून मोजून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी. डार्बीशरचा हंगाम साधारण तिथूनच सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत गावोगाव चालतो. कारण म्हणून ते दोन गोष्टी सांगतात. एक, 1349 च्या काळ्या मृत्यूतून, म्हणजे युरोपभरच्या प्लेगातून, गाव वाचलं ते शुद्ध पाण्यामुळे. दुसरी, 1615 च्या दुष्काळात सगळीकडचं पाणी आटलं, इथलं आटलं नाही. दोन्ही एकाच वेळी सांगतात आणि दोन्हींवर विश्वास ठेवतात.

याउलट यूलग्रेव. तिथे सणाचं कारण अगदी रोकडं आहे: 1829 मध्ये गावात नळाने पाणी आलं. गावाच्या मधोमध तेव्हाची दगडी गोल टाकी अजून उभी आहे, आणि गावाची स्वतःची पाणी कंपनी आजही चालू आहे. वर्क्सवर्थला 1827 साली तेच. म्हणजे तिथे विहीर नाही, नळ सजवतात! डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायकांना त्या नळाचं काय वाटलं असेल याचा विचार केला तर मला हे कारण टिसिंग्टनपेक्षा जास्त पटतं.

रानजाई

शेखर, +१. प्रश्नचिन्ह, आमच्या प्लेग संडेपुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे. तो 1866 पासूनचा, म्हणजे प्लेगच्या द्विशताब्दीपासूनचा. पक्का व्हिक्टोरियन. वेक्स मात्र त्याहून बराच जुना. पण 1866 म्हणजे काय काल-परवा झालं का? ज्यांच्या पणजोबांनी सुरू केलं ते आज माती तुडवतायत.

माळावरचा

तो प्लेगचा भाग जरा विस्ताराने लिहा ना. 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा या गावाचं नाव वर्तमानपत्रांतून वाचलं होतं.

रानजाई

लिहिते.

सप्टेंबर 1665. गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, आणि त्यात पिसवा होत्या असं मानतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स त्याच आठवड्यात गेला, 7 सप्टेंबरला. हिवाळ्यात साथ मंदावली, उन्हाळ्यात भडकली. जून 1666 मध्ये तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढून टाकलेला प्युरिटन पाद्री थॉमस स्टॅन्ली, या दोघांनी मिळून लोकांना पटवलं. या दोघांचं एरवी जमणं कठीण होतं, आणि गाव जुन्याचं जास्त ऐकायचं. ठरलं ते असं: आपापल्या माणसाला आपापल्या शेतात-परसात पुरायचं, चर्च बंद, प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, घराघराने अंतर ठेवून, आणि गावाबाहेर कुणी जायचं नाही.

अन्न बाहेरून यायचं. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशर धान्य पाठवायचा. आसपासची गावं सामान हद्दीवर ठेवून जायची. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर एक मोठा दगड आहे, त्याला भोकं आहेत. त्या भोकांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, म्हणजे पैशांवरची लागण मरेल. भोकांच्या कडा आता पार गुळगुळीत झाल्या आहेत. लहान मुलं आजही त्यात पेन्या टाकून जातात.

चौदा महिन्यांत 260 माणसं गेली. पूर्वी समजत की गाव साडेतीनशेचं होतं. आता अभ्यासक सातशेच्या आसपास धरतात. रायली नावाच्या शेतात हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरिन 25 ऑगस्टला गेली. प्लेग संडेला तिच्या कबरीवर फुलांचं चक्र ठेवतात आणि मग सगळे कक्लेट डेल्फकडे चालत जातात.

मॉम्पेसन वाचला. पुढे नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला त्याची बदली झाली, तर तिथल्या लोकांनी धास्तीने त्याला सुरुवातीला गावात घेतलंच नाही.

माळावरचा

बापरे. वाचून एक गोष्ट डोक्यात आली. आमच्या आजीकडे (सातारा जिल्हा) प्लेगच्या गोष्टी बरोबर उलट्या असायच्या. घरात उंदीर पडायला लागले की गावच्या गाव उठून माळावर झोपड्या टाकून राहायचं, आणि साथ ओसरली की परत. आमचे लोक गाव सोडून वाचले, हे लोक गाव धरून मेले. शहाणं कोण?

प्रश्नचिन्ह

माळावरचा, प्रश्न चांगला काढलात. उंदीर-पिसू-माणूस ही साखळी सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 मध्ये दाखवून दिली, आणि त्याआधी तो मुंबईच्या प्लेगमध्येच काम करत होता. तुमच्या आजीच्या गावाला ते शास्त्र ठाऊक नव्हतं, पण उंदीर पडला की घर सोडायचं हा अडाखा अचूक होता. त्या हिशेबाने ईममध्ये लोकांना घराघरांत कोंडणं ही चूकच. काही इतिहासकार तसं म्हणतातही: त्यागाची गोष्ट नंतरच्या कवींनी आणि लेखकांनी रंगवली, प्रत्यक्षात पैसेवाले बरेच आधीच सटकले होते आणि उरलेल्यांना जायला जागा नव्हती. मॉम्पेसनने स्वतःची मुलं तर आधीच बाहेर पाठवली होती ना?

रानजाई

हो, पाठवली होती. गावात कुणी ते लपवत नाही.

पण दुसरी बाजूही वाचा. 2016 मध्ये इथल्या पॅरिश रजिस्टरमधल्या, म्हणजे चर्चच्या वहीतल्या, नोंदींवर गणिती मॉडेल चालवून एक अभ्यास झाला. त्यात जवळपास तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असं निघालं. एकाच छपराखाली राहणाऱ्यांमध्ये तर फारच. ते खरं असेल तर घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला मरण आलं हे खरं, आणि शेजारची गावं वाचली हेही खरं. स्टोनी मिडलटन इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्यांना तुमचा प्रश्न विचारा, उत्तर वेगळं येईल.

आणि जायला जागा नव्हती हा मुद्दा मला पटतो. पण जागा नसतानाही माणसं पळतात.

शेफील्डचा_शेखर

अवांतर: 2020 मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लावला तो 1897 चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठीच केलेला. आणि 2020 मध्येच इकडे जवळपास सगळ्या गावांनी विहिरींची सजावट रद्द केली होती. प्लेगच्या आठवणीचा रविवार साथीमुळे बंद!

मोरावळा

प्लेगवरून जरा खाली या आता, माझं ऐका. मी केंटमधल्या एका गावात राहते. आमच्याकडे विहिरी वगैरे नाहीत, पण सप्टेंबरात व्हिलेज शो असतो. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायका चालवतात. (ही संस्था मूळची कॅनडाची, ब्रिटनमध्ये पहिली शाखा 1915 साली वेल्समध्ये निघाली. इकडे सगळे तिला अस्सल इंग्लिश समजतात.) त्या शोचे नियम वाचाल तर यूपीएससी सोपी वाटेल. व्हिक्टोरिया स्पंजमध्ये फक्त रास्पबेरी जॅम. क्रीम नाही. वर नुसती बारीक साखर भुरभुरवलेली. केक ज्या जाळीवर गार केला तिचा ठसा वर उमटला असेल तर मार्क कापतात. कांदे एका मापाचे, माना बांधलेल्या. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, झाकणावर कुठल्याही कंपनीचं नाव नको, लेबलवर तारीख हवी.

मी चटणीच्या गटात कैरीचा मेथांबा ठेवला. परीक्षकबाईंनी चमच्याच्या टोकावर घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. कार्डावर लिहिलं: 'चव अनपेक्षित. मेथी थोडी पुढे येते. बरणी उत्तम.' दुसरा नंबर! पहिला आला तो बीटरूटला. बीटरूटला!!

वाचनवेडी

'बरणी उत्तम' =))

मोरावळा, पाकृ (पाककृती) टाका.

अस्सल_घाटी

मेथी पुढे येते म्हणे. मेथांब्यात मेथी पुढे नाही येणार तर काय मागे उभी राहणार?

संपादक मंडळ

पाकृसाठी वेगळा विभाग आहे. बीटरूटचा निषेधही तिकडेच नोंदवावा.

अस्सल_घाटी

:) बरं, गंभीर प्रश्न. या गावांचा कारभार कोण बघतं? आपल्यासारखी ग्रामपंचायत असते का? सणांना पैसे कोण देतं?

शेफील्डचा_शेखर

पॅरिश कौन्सिल. 1894 च्या कायद्याने चर्चपासून वेगळी काढलेली. सदस्य बिनपगारी, फक्त क्लार्कला थोडा पगार, तोही बहुधा अर्धवेळ. कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलात त्यांचा छोटासा वाटा असतो, त्याला प्रीसेप्ट म्हणतात. वसूल जिल्हा करतो आणि यांना देतो. त्यातून बाकडी, मुलांचं मैदान, भाजीपाल्याचे वाफे, दफनभूमीची निगा, बसथांबा. आमच्या इथे वर्षभर गाजलेला विषय म्हणजे कुत्र्याच्या शीसाठीची पेटी चर्चच्या अलीकडे बसवायची की पलीकडे.

ग्रामसभेसारखंही आहे. 1 मार्च ते 1 जूनच्या दरम्यान पॅरिशची वार्षिक सभा घ्यावीच लागते, आणि तिथे कुणीही मतदार उठून बोलू शकतो. येतात किती ते विचारू नका. चहा-बिस्किटं जाहीर केली तर थोडे जास्त.

सणांचा पैसा मात्र बहुतेक रॅफल, केकचा स्टॉल आणि डब्यातल्या सुट्ट्या नाण्यांतून उभा राहतो.

रानजाई

आणि लाल फोन बॉक्स! 2008 पासून बीटी ही फोन कंपनी ते गावांना एका पौंडात देते. कुठे त्यात हृदय बंद पडल्यावर धक्का देण्याचं यंत्र बसवतात, कुठे पुस्तकांची देवघेव चालते.

घाटी, पैशापेक्षा मोठी अडचण माणसांची आहे. पीक डिस्ट्रिक्ट हा 1951 पासूनचा नॅशनल पार्क, देशातला पहिला. नवी घरं बांधायला परवानगी सहज मिळत नाही, आणि जुनी घरं शहरवाले सुट्टीसाठी घेतात किंवा पर्यटकांना भाड्याने देतात. खिडकीत सुंदर पडदे, आणि नोव्हेंबरात दिवा नाही. इथे जन्मलेली मुलं चेस्टरफील्डला नाहीतर शेफील्डला राहायला जातात, कारण तिथलं भाडं परवडतं. फळ्या त्याच आहेत, त्यांवर वाकणारे हात साठीच्या पुढचे. म्हणून आमच्यासारख्या उपऱ्यांचं स्वागत होतं. त्यात मोठेपणा किती आणि गरज किती हे मी मोजत बसत नाही.

खारुताई

हिवाळ्यात काय असतं हो? मी बर्मिंगहॅमला नवी आहे. चारला अंधार पडतो म्हणून सगळे घाबरवतायत.

शेफील्डचा_शेखर

खारुताई, हिवाळ्यात आमच्याकडे या. शेफील्डच्या वायव्येकडच्या आणि उत्तर डार्बीशरच्या गावांत पबमध्ये कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात. 11 नोव्हेंबरनंतरच्या रविवारपासून साधारण बॉक्सिंग डेपर्यंत (26 डिसेंबर). डंगवर्थ, स्टॅनिंग्टन ही त्यातली नावाजलेली गावं. ही दुकानात वाजणारी कॅरल्स नव्हेत. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये ऑर्गन आले, सुधारणा आल्या, आणि गावकऱ्यांच्या दणदणीत चाली बाहेर काढल्या गेल्या. त्यांनी त्या उचलून पबमध्ये नेल्या. शब्द एकच, चाली गावागणिक निराळ्या. दुपारी बारालाच उभं राहायला जागा नसते. कुणी पुस्तक हातात देत नाही, शेजारच्याच्या तोंडाकडे बघून गायचं.

खारुताई

चर्चने काढलं आणि दारूच्या गुत्त्याने सांभाळलं! भारीच.

माळावरचा

अजून अशी कुठली गावं आहेत?

शेफील्डचा_शेखर

ईमजवळच कॅसलटन. 29 मे, ओक ॲपल डे. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला त्याची आठवण. एक माणूस घोड्यावर, आणि कमरेपर्यंत त्याच्यावर घंटेच्या आकाराचा फुलांचा सांगाडा, वजन पंचवीस किलोच्या आसपास. आतल्याला काही दिसत नाही, घोडा दुसराच कुणीतरी धरून नेतो. मिरवणूक प्रत्येक पबसमोर थांबते (अर्थातच). शेवटी तो सांगाडा दोराने चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात आणि तिथेच सुकू देतात.

दुसरं, स्टॅफर्डशरमधलं ॲबट्स ब्रॉमली. 4 सप्टेंबरनंतरच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सहा जण रेनडियरची शिंगं खांद्यावर घेऊन दिवसभर गावभर आणि आसपासच्या शेतांतून नाचतात. सोबत मेड मॅरियन (बाईच्या वेषातला पुरुष), विदूषक, लाकडी घोडा, धनुष्यवाला पोरगा आणि वाजवणारे. शिंगं एरवी चर्चमध्ये टांगलेली असतात. कार्बन डेटिंगमध्ये ती अकराव्या शतकातली निघाली. प्रश्नचिन्ह, घ्या तुमचं 'प्राचीन'.

प्रश्नचिन्ह

शिंगं अकराव्या शतकातली, नाच नव्हे. शिंगांच्या नाचाची पहिली लेखी नोंद 1686 ची आहे, रॉबर्ट प्लॉट या लेखकाची. आणि इंग्लंडमध्ये त्या काळी रेनडियर नव्हतेच, म्हणजे शिंगं बाहेरून आली. कधी, कुणी आणली? पण हे मान्य, की माझी शंका जिथे शंभर वर्षांत निकालात निघायला हवी होती तिथे साडेतीनशे वर्षं गेली. एवढं पुरे, हरलो असं समजू नका.

खारुताई

मला एकदा हे बघायचंच आहे. गाडी नाही माझ्याकडे. कसं जमेल?

रानजाई

ईमला: शेफील्ड-मँचेस्टर होप व्हॅली लाइनवर हॅथरसेज किंवा ग्रिंडलफर्डला उतर. पुढे बस, नाहीतर टेकडीवरून पायी. बूट चांगले घाल. रविवारी बसचं वेळापत्रक आधी बघ. कार्निव्हलच्या दिवशी गाडीने येणाऱ्यांचं पार्किंगसाठी जे होतं ते पाहता गाडी नाही तेच बरं.

टिसिंग्टनला थेट ट्रेन नाही. ॲशबर्नपासून जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट केलेली आहे, टिसिंग्टन ट्रेल. रूळ 1899 चे, आता फक्त चालणारे आणि सायकली. सायकल भाड्याने मिळते.

आणि बघायलाच येणार असशील तर वीकेंडला ये. पण गुरुवारी रात्री आलीस तर एप्रन देईन.

खारुताई

गुरुवारी येते. नखं कापून येऊ ना?

रानजाई

नखं वाढव! पाकळी दाबायला अंगठ्याचं नखच लागतं. आणि बर्मिंगहॅममध्ये कुणाच्या अंगणात निळं हायड्रेंजिया दिसलं तर विचारून, ओल्या कागदात गुंडाळून आण. विचारून हं.

मोरावळा

मी केंटहून येते गाडी घेऊन. मेथांबा आणते. लंडनहून कुणी येणार असेल तर दोन जागा आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अस्सल_घाटी

एक जागा माझी. बीटरूटची चटणीही आणा, बघू तरी काय आहे ते.